आडवा माणूस बेशुद्ध कसा पडतो?

लग्नाच्या मांडवात, शाळेच्या प्रार्थनेत किंवा देवळाच्या रांगेत कुणी भोवळ येऊन कोसळलं, की पुढे काय करायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. गर्दी हटवली जाते, माणसाला आडवं केलं जातं, कुणी पाय उचलून धरतं, कुणी तोंडावर पाणी मारतं. मिनिटभरात डोळे उघडतात, 'काय झालं?' असा प्रश्न येतो आणि मग चहा. श्रेय बहुधा पाण्याला मिळतं. खरा इलाज असतो तो आडवं होण्याचा. उभ्या माणसाच्या पायांकडे साचलेलं रक्त आडवं होताच हृदयाकडे परततं, मेंदूपर्यंतची चढण नाहीशी होते आणि शुद्ध येते.

मग जो आधीच अंथरुणात आडवा आहे, त्याला भोवळ का यावी?

तोंडाच्या, घशाच्या किंवा मानेच्या कॅन्सरच्या काही रुग्णांबाबत हे कोडं प्रत्यक्षात समोर येतं. पहाटे तीनच्या सुमारास घरघर ऐकून बायको जागी होते, तर नवरा पांढराफटक, घामाने भिजलेला, हाका मारल्या तरी न उठणारा. मिनिट-दोन मिनिटांत तो भानावर येतो आणि त्याला काही आठवत नाही. कधी रुग्ण न्हाणीघराच्या दाराशी पडलेला सापडतो. कधी कूस बदलताना किंवा ठसका लागल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. घरातलं निदान ठरलेलं असतं: अशक्तपणा. महिनोन् महिने धड जेवण नाही, केमो चालू आहे, वजन पंधरा किलोंनी उतरलंय, भोवळ येणारच! या निदानात तथ्य असतंही, पण ते अपुरं असतं. कारण अशक्तपणाची भोवळ माणसाला सहसा उभं असताना गाठते. झोपलेल्याला ती गाठत असेल, तर कारण मानेत शोधावं लागतं.

सहा-सात सेकंदांची शिल्लक

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के. तरी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तातला सुमारे पंधरा टक्के वाटा त्याला लागतो, म्हणजे मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास. एवढी भूक असूनही त्याच्याकडे साठवण जवळजवळ नाही. यकृत साखर साठवतं, स्नायू साठवतात. मेंदू मात्र आलेलं तिथल्या तिथे खर्च करतो.

पुरवठा थांबला तर शुद्ध किती वेळ टिकते, हे १९४३ साली अमेरिकेत प्रयोग करून मोजलं गेलं. रोसेन, कॅबट आणि अँडरसन या संशोधकांनी तरुण पुरुषांच्या मानेभोवती हवेने फुगणारा पट्टा बसवला आणि तो क्षणात फुगवून मेंदूकडे जाणारं रक्त अडवलं. बहुतेकांची शुद्ध पाच ते दहा सेकंदांत हरपली. आज असा प्रयोग कुठलीही नीतिसमिती मंजूर करणार नाही, पण त्यातला आकडा आजही पाठ्यपुस्तकांत आहे. हृदय दहा सेकंद थबकलं किंवा रक्तदाब अचानक तळाला गेला, की माणूस बेशुद्ध होतो, मग तो उभा असो वा आडवा.

म्हणजे आडवं होणं एका मर्यादेपर्यंतच वाचवतं. रक्त पायांत साचलं असेल तर उपयोग होतो. पंपच थांबला असेल किंवा अंगभरच्या रक्तवाहिन्या एकदम सैलावल्या असतील, तर पाय उचलून फारसं काही हाती लागत नाही.

मानेतला फ्लोट

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत फ्लोट असतो. टाकी भरत आली की तो वर उचलला जातो आणि खालचा पंप बंद होतो. पाणी उतरलं की तो खाली येतो आणि पंप सुरू होतो. रक्तदाबासाठी शरीराने असाच फ्लोट मानेत बसवला आहे. जबड्याच्या कोनाखाली, गळ्याच्या घाटीच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवलं की ठोका लागतो. ती कॅरोटिड धमनी. ती वर जाताना दुभंगते: एक फाटा चेहऱ्याकडे, दुसरा मेंदूकडे. मेंदूकडे जाणाऱ्या फाट्याच्या सुरुवातीला धमनी किंचित फुगीर असते. तिला कॅरोटिड सायनस म्हणतात आणि तिच्या भिंतीत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं पेरलेली असतात.

रक्तदाब वाढला की ही भिंत ताणली जाते. तिथून निघालेला संदेश जीभ आणि घशाच्या मज्जातंतूमार्फत, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी नवव्या मज्जातंतूतून, मेंदूच्या देठापर्यंत पोचतो. तिथून उलट हुकूम सुटतात. दहाव्या मज्जातंतूमार्फत, म्हणजे व्हेगसमार्फत, हृदयाला 'सावकाश' सांगितलं जातं आणि रक्तवाहिन्यांना आवळून धरणारे संदेश कमी केले जातात. दाब उतरला की सगळं उलट होतं. अंथरुणातून उठून उभं राहताना दरवेळी हा खेळ होतो आणि काही सेकंदांत संपतो, म्हणून त्याचा पत्ताही लागत नाही.

मान दाबली की नाडी मंदावते हे वैद्यांना जुनंच माहीत होतं. १८६६ मध्ये योहान चेर्माक यांनी त्याचं वर्णन केलं, पण व्हेगस मज्जातंतूच थेट दाबला जात असावा, असा त्यांचा समज होता. खरं ठिकाण धमनीच्या भिंतीत आहे हे १९२० च्या दशकात शरीरक्रियाशास्त्रज्ञ हाइनरिख एवाल्ड हेरिंग यांनी दाखवलं. पुढे १९३३ मध्ये बॉस्टनच्या सोमा वाइस आणि जेम्स बेकर यांनी, हा फ्लोट अतिसंवेदनशील झाला तर ताठ कॉलर, दाढी करताना वळवलेली मान, एवढंही माणसाला पाडायला पुरतं हे रुग्णांच्या उदाहरणांसह मांडलं.

याच दुभंगाच्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढा आणखी एक अवयव असतो, कॅरोटिड बॉडी. तो दाब नव्हे, तर रक्तातला ऑक्सिजन तपासतो. श्वसनाच्या नियमनात या भागाची भूमिका उलगडल्याबद्दल बेल्जियमच्या कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. दाब मोजणारा आणि ऑक्सिजन मोजणारा असे दोघं एकाच नाक्यावर उभे आहेत आणि दोघांच्या तारा एकाच मज्जातंतूतून जातात. हे ध्यानात ठेवलं की रात्री काय घडतं ते उलगडायला सोपं जातं.

गाठ फ्लोटला हात लावते तेव्हा

टाकी रिकामी असताना कुणी फ्लोट हाताने वर धरून ठेवला, तर पंप बंदच राहील. मानेतली गाठ नेमकं हेच करते.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या पेशी बहुधा आधी मानेतल्या लसिका ग्रंथींत पसरतात, आणि या ग्रंथींची साखळी कॅरोटिड धमनीला लगटूनच असते. गाठ वाढली की ती सायनसवर रेटते किंवा त्याच्या मज्जातंतूला वेढते. दाब वाढलेला नसतानाही 'दाब वाढला' असा खोटा निरोप मेंदूकडे जातो. मेंदू बिचारा प्रामाणिकपणे हृदय मंद करतो, वाहिन्या सैल सोडतो आणि माणूस कोसळतो.

डॉक्टर याचे प्रकार पाडतात. पहिल्यात हृदय थबकतं. तीन सेकंद किंवा त्याहून जास्त खंड पडला तर तो गंभीर मानतात. दुसऱ्यात नाडी चालू असते, पण वरचा रक्तदाब पन्नास किंवा त्याहून अधिक अंकांनी घसरतो. तिसऱ्यात दोन्ही मिसळलेलं असतं. हा भेद पुस्तकी वाटेल, पण पेसमेकरचा उपयोग होणार की नाही हे त्याच्यावरच ठरतं.

यापेक्षा आडवळणाचा एक प्रकार आहे. घशाच्या बाजूला, जबड्याच्या आतल्या अंगाला आणि कवटीच्या तळाखाली एक चिंचोळी जागा असते. नववा आणि दहावा मज्जातंतू आणि मेंदूकडे जाणारी धमनी तिथून एकमेकांना खेटून जातात. कॅन्सर या जागेत शिरला तर बाहेरून मान चाचपून गाठ लागत नाही, पण आत मज्जातंतू चिरडले जात असतात. अशा रुग्णाला कान, घसा किंवा जबड्यात विजेसारखी कळ येते आणि तिच्या मागोमाग भोवळ येते. कधी कळ नसतानाही रक्तदाब काही मिनिटं अगदी खाली राहतो. उभं असण्याशी याचा संबंध नसतो. रुग्ण पलंगावर पडल्या पडल्या बेशुद्ध होतो. न्यूयॉर्कमध्ये जेरोम पोस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरमुळे येणाऱ्या बेशुद्धीचं सविस्तर वर्णन केलं. तेव्हापासून कॅन्सरतज्ज्ञ या भोवळीकडे आजाराची खूण म्हणून पाहू लागले.

कळ आणि भोवळ यांची सांगड कशी बसते? नवव्या मज्जातंतूत घशाच्या वेदनेच्या तारा आहेत आणि कॅरोटिड सायनसच्याही. इजा झालेल्या मज्जातंतूचं आवरण झिजलं की एका तारेतला संदेश शेजारच्या तारेत उडी मारत असावा, असं मानलं जातं. वेदनेची ठिणगी रक्तदाबाच्या वाटेने जाते आणि हृदय थबकतं. गिळणं, खोकणं, जांभई देणं यांनीही ती पेटू शकते.

आपल्याकडे हा विषय दूरचा नाही. २०२२ च्या जागतिक कॅन्सर अंदाजानुसार भारतात वर्षाला ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळतात, आणि भारतीय पुरुषांत हा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. ती पानटपरीवर किती उरली हे सगळे जाणतात. तंबाखू-चुना आणि मिश्री यांना तर ती लागूच नव्हती. परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास आणि दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत गालावर पट्टी आणि नाकात नळी असलेली माणसं मुक्कामाला असतात, त्यांत विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-बंगालपर्यंतचे लोक असतात. यातल्या बहुसंख्यांना अशी भोवळ कधीच येणार नाही. ज्या थोड्यांना येते त्यांचं निदान मात्र 'अशक्तपणा'च्या नावाखाली सहज हुकतं.

झोपेत काय बदलतं

निरोगी माणूस झोपला की हृदयाचा वेग कमी होतो आणि रक्तदाब दिवसाच्या मानाने दहा ते वीस टक्के उतरतो. गाढ झोपेत व्हेगस मज्जातंतूचा वरचष्मा असतो. रात्रीच्या नोंदीत तरुण खेळाडूंच्या हृदयात दोन सेकंदांचे खंड दिसतात आणि ते सहसा निरुपद्रवी ठरतात. स्वप्नांच्या झोपेत चित्र पालटतं: नाडी आणि दाब दोन्ही वरखाली होत राहतात, मध्येच व्हेगसचा जोर उसळतो.

ज्याच्या मानेतला फ्लोट आधीच अर्धा वर उचललेला आहे, त्याला झोपेतली ही ओढ जड जाऊ शकते. दिवसा चालणं, बोलणं, काळजी करणं यांनी हृदयाला सतत चाबूक लागत असतो. रात्री तो थांबतो. त्यात कूस बदलताना मान वळते, जाड उशीने ती एका अंगाला दुमडते. गळ्याला श्वासनळीचं छिद्र असेल तर त्या नळीचे बंद कधी फार आवळून बांधलेले असतात. शेक (रेडिएशन) दिल्यामुळे लाळेच्या ग्रंथी सुकलेल्या असतात, तोंड कोरडं पडतं, चिकट बेडका घशात अडकतो आणि ठसका लागतो. गिळणं आणि खोकणं ही दोन्ही कळ पेटवणारी कारणं अंथरुणातही हजर असतात.

पण झोपेतला सगळ्यात मोठा गुन्हेगार वेगळाच असू शकतो: बंद पडणारा श्वास.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद आहे त्यांचा श्वास दहा, वीस, कधी चाळीस सेकंद अडतो आणि मग मोठ्या घोरण्यासह सुटतो. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये घसा अरुंद व्हायला कारणं भरपूर असतात. गाठ जागा अडवते. शेकानंतर घशाला सूज येते, पुढे तिथल्या ऊती ताठ होतात. शस्त्रक्रियेत छातीचा स्नायू किंवा पायाचं हाड आणून तोंडाची डागडुजी केली असेल, तर तो भरीव तुकडा मागे झुकू शकतो. हनुवटीचा मधला भाग काढावा लागला तर अडचण आणखी गहन होते, कारण जिभेला पुढे ओढून धरणारा स्नायू त्याच हाडाला बांधलेला असतो. खुंटी गेली की जीभ उताण्या माणसाच्या घशावर येऊन बसते.

श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि कॅरोटिड बॉडी बोंब मारते. श्वास मोकळा असता तर माणूस जोरात श्वास घेऊ लागला असता आणि हृदयाचा वेगही वाढला असता. पण वाट बंद असताना हाच संदेश उलटा परिणाम करतो: हृदय मंदावतं. समुद्रात बुडी मारणाऱ्या सीलचं हृदय अशाच यंत्रणेने मंदावतं, कारण श्वास मिळणार नसेल तर ऑक्सिजन जपून वापरलेला बरा. सीलला ही युक्ती फळते. बंद घशाने पलंगावर निजलेल्या माणसाला ती महाग पडते.

किती महाग, याचा अंदाज स्टॅनफर्डच्या क्रिस्तियाँ गियमिनो आणि सहकाऱ्यांच्या १९८३ च्या अभ्यासावरून येतो. झोपेत श्वास अडणाऱ्या ४०० रुग्णांच्या हृदयाची त्यांनी रात्रभर नोंद ठेवली. जवळजवळ निम्म्यांच्या ठोक्यांत काही ना काही बिघाड आढळला आणि ४३ जणांचं हृदय अडीच ते तेरा सेकंद थांबत होतं. हे रुग्ण कॅन्सरचे नव्हते. यातल्या काही गंभीर रुग्णांच्या गळ्याला छिद्र पाडून श्वास थेट श्वासनळीत जाऊ दिला, तेव्हा हृदयाचे खंड नाहीसे झाले. बिघाड हृदयात नव्हता, घशात होता.

झोपलेल्या माणसाला आपण बेशुद्ध झालो हे कळणं अवघडच असतं. म्हणून शेजारी झोपणाऱ्याची साक्ष इथे यंत्रापेक्षा कमी मोलाची नसते: घोरणं मध्येच थांबतं का, किती वेळ, त्यानंतर अंग पांढरं पडतं का, हाक मारून जाग येते का.

जाग आल्यानंतरची भोवळ

घरचे जिला 'झोपेतली भोवळ' म्हणतात ती पुष्कळदा झोपेत आलेली नसते, तर नुकत्याच उठलेल्या माणसाला आलेली असते. रात्री लघवीला उठलेला पुरुष उभ्याने लघवी करताना कोसळतो हा जुना, ओळखीचा प्रकार. झोपेतून आलेला उतरता दाब, एकदम उभं राहणं आणि भरलेलं मूत्राशय रिकामं होताना व्हेगसला मिळालेली चालना एकत्र येतात. न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी आणखी एक तऱ्हा नोंदवली आहे: माणूस रात्री पोटात ढवळून, शौचाची भावना होऊन जागा होतो आणि अंथरुणातच किंवा उठताना बेशुद्ध पडतो. हे कुणालाही होऊ शकतं, कॅन्सर असो वा नसो.

कॅन्सरच्या उपचारांनी मात्र त्यासाठी जमीन भुसभुशीत केलेली असते. गिळता येत नाही म्हणून पाणी कमी जातं. सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाने उलट्या होतात, मूत्रपिंडांतून मॅग्नेशियम वाहून जातं आणि काहींचे रक्तवाहिन्या आवळणारे मज्जातंतू दुखावतात. मॅग्नेशियम कमी झालं की हृदयाची लय बिघडू शकते, आणि उलटीवरची काही औषधं त्यात भर टाकतात. वेदनेसाठी रात्री दिलेलं मॉर्फिन वाहिन्या सैल करतं, श्वासही मंद करतं. आधीपासून रक्तदाबाची गोळी चालू असेल आणि वजन उतरूनही तिचा डोस तोच राहिला असेल, तर ती एकटीच माणसाला पाडायला पुरते. हे इतकं साधं कारण अनेकदा शेवटी सापडतं.

शेकाचे काही परिणाम वर्षांनी दिसतात. मानेवर शेक घेतलेल्यांची थायरॉइड ग्रंथी मंदावू शकते. तिच्या अभावी नाडी संथ होते, घसा सुजतो, घोरणं वाढतं. म्हणून उपचारांनंतर ठरावीक काळाने थायरॉइडची रक्ततपासणी करतात. धमनीची भिंतही ताठ होते. ताठ भिंत नीट ताणली जात नाही, मग फ्लोट हलतच नाही आणि मेंदूला दाबाची खबर मिळेनाशी होते. अशा माणसाचा रक्तदाब रागावला, घाबरला की भराभर चढतो आणि शांत पडला की घसरतो. मानेच्या शेकानंतर उशिरा येणाऱ्या या बिघाडाकडे २००३ च्या सुमारास संशोधकांनी लक्ष वेधलं.

त्याच्या एका दुर्मीळ रूपाचं वर्णन येन्स जॉर्डन आणि अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केलं. त्यात खबर आणणारे मज्जातंतू निकामी होतात, पण हृदयाला थोपवणारा व्हेगस शाबूत राहतो. जागेपणी ताण असेपर्यंत दाब चढलेला असतो; माणूस विसावला किंवा झोपला की व्हेगसला अडवणारं कुणी उरत नाही, नाडी आणि दाब दोन्ही कोसळतात. ज्याची झोप शांत, त्यालाच धोका, असा हा उफराटा आजार आहे.

फिट की भोवळ?

रात्री अंग झटकलं, डोळे फिरले, कपड्यांत लघवी झाली, की घरचे 'फिट आली' म्हणतात. कॅन्सर मेंदूत गेला असेल या भीतीने मग सगळे हादरतात. मेंदूकडे जाणारं रक्त काही सेकंद थांबलं तरी अंग झटकतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. बर्लिनमध्ये १९९४ साली थॉमस लेम्पर्ट आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम भोवळ आणून त्यांचं चित्रण केलं. पूर्ण बेशुद्ध झालेल्या ४२ जणांपैकी ३८ जणांच्या अंगाला झटके आले, बहुतेकांचे डोळे उघडे होते. त्यातल्या कुणालाही फेफरं नव्हतं.

फरक ओळखायला काही खुणा उपयोगी पडतात. भोवळीतला माणूस पांढरा पडतो, झटके थोडे आणि विस्कळीत असतात, आणि शुद्ध आल्यावर तो लवकर सावरतो. फिटमध्ये चेहरा निळसर होऊ शकतो, झटके लयीत आणि जास्त वेळ येतात, जिभेची कड चावली जाते, नंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला राहतो. तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर जिभेची खूण फसवी ठरू शकते, म्हणून मोबाइलवर घेतलेलं अर्ध्या मिनिटाचं चित्रण डॉक्टरांना फार मदत करतं.

चौकट: रात्री असं झालं तर

रुग्णाला कुशीवर वळवावं, मान सरळ ठेवावी, गळ्याभोवतीचं काही आवळलेलं असेल तर ते सैल करावं. गळ्यात नळी असेल तर ती बेडक्याने अडली आहे का ते आधी पाहावं. तोंडात पाणी, साखर, चमचा काहीही घालू नये. गिळण्याची यंत्रणा बिघडलेली असताना ते फुप्फुसात जातं. नाडी लागते का, संथ आहे का, किती मिनिटांत शुद्ध आली, हे लिहून ठेवावं. श्वास चालू नसेल, मानेतून किंवा तोंडातून रक्त येत असेल किंवा पाच मिनिटांत शुद्ध आली नाही, तर १०८ ला फोन करावा. शुद्ध आली तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवावं, पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

शोध आणि इलाज

डॉक्टर बहुधा साध्यापासून सुरुवात करतात: औषधांची यादी, आडवं आणि उभं असताना रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन, सोडियम-मॅग्नेशियम, थायरॉइड. मग होल्टर, म्हणजे छातीला चिकटवून एक-दोन दिवस हृदयाची नोंद ठेवणारं छोटं यंत्र. घोरण्याची तक्रार असेल तर झोपेची तपासणी. तिच्यात रात्रभर श्वास, ऑक्सिजन आणि नाडी एकत्र नोंदल्या जातात, त्यामुळे आधी श्वास थांबला की आधी हृदय, हे कळतं. एरवी मान चोळून फ्लोटची संवेदनशीलता तपासण्याची पद्धत आहे, पण शेक घेतलेल्या किंवा गाठ असलेल्या मानेवर ती फार जपून करतात, बहुधा करतच नाहीत. घरी तर कुणीही मान चोळून पाहू नये. उपचार संपून वर्ष-दोन वर्षांनी भोवळ नव्याने सुरू झाली असेल, तर मानेचा आणि कवटीच्या तळाचा एमआरआय लवकर करतात, कारण आत परतलेल्या गाठीची ती पहिली खूण असू शकते.

श्वास अडत असेल तर मुखवट्यातून दाबाने हवा देणारं सीपॅप यंत्र लावतात. शस्त्रक्रियेने आकार बदललेल्या चेहऱ्यावर मुखवटा नीट बसवणं हे तंत्रज्ञांच्या कौशल्याचं काम आहे, आणि काहींना शेवटी गळ्याचं छिद्रच सोयीचं पडतं. हृदय थबकत असेल तर पेसमेकर उपयोगी येतो. पण वाहिन्या सैलावून दाब घसरत असेल, तर पेसमेकर असूनही माणूस कोसळतो. ठोके नेमाने पडत राहतात आणि रक्त मेंदूपर्यंत चढत नाही. अशा वेळी मीठ-पाणी धरून ठेवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन किंवा वाहिन्या आवळणारं मिडोड्रिन वापरून पाहतात, आणि विजेसारखी कळ असेल तर कार्बामाझेपिन देतात.

मुळावरचा घाव मात्र गाठीवरच घालावा लागतो. शस्त्रक्रिया, शेक किंवा केमोने ती आकसली की मज्जातंतूवरचा रेटा कमी होतो आणि अनेकांची भोवळ थांबते. ते जमण्यासारखं नसेल आणि झटके रोजचे झाले असतील, तर मेंदूचे सर्जन कवटी उघडून त्या बाजूचा नववा मज्जातंतू कापतात. खोटा निरोप नेणारी तारच तुटते. दुसऱ्या बाजूचा फ्लोट शाबूत असल्यामुळे दाबाचं नियमन चालू राहतं. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस रक्तदाब वरखाली होतो, म्हणून रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवतात. ज्यांच्या मानेच्या दोन्ही बाजूंना पूर्वी शेक दिले आहेत त्यांच्याबाबत हा निर्णय अवघड होतो, कारण उरलेला फ्लोट कितपत हलतो हे आधी तपासून घ्यावं लागतं.